आधी करून पाहा, मग लिहा : तांत्रिक लेखनात येणाऱ्यांसाठी

पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये ‘टेक्निकल रायटर’ हे पद बरीच वर्षं आहे. तरीही इंजिनिअरिंग, डिप्लोमा किंवा बीएस्सी करणाऱ्या मुलामुलींना त्याचा पत्ता बहुधा शिक्षण संपल्यावर, कुणाच्या तरी ओळखीतून लागतो. चाकण-भोसरीकडे यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यांतही हे काम चालतं. तिथे ते कधी डिझाइन विभागात असतं, कधी सर्व्हिस विभागात, आणि करणाऱ्याच्या पदाच्या नावात ‘लेखक’ हा शब्द नसतोही. दोन्हीकडे काम तेच: यंत्र, सॉफ्टवेअर किंवा सेवा वापरणाऱ्याला ती सुरक्षितपणे आणि कुणाला फोन न करता वापरता यावी, असा मजकूर तयार करणं.

या पेशाबद्दल विचारणारे बहुतेक जण दोन प्रश्न घेऊन येतात. इंग्रजी किती चांगलं लागतं? आणि कुठलं टूल शिकू? दोन्हींची उत्तरं पुढे येतील, पण त्यांच्या आधी एक गोष्ट येते: जे लिहायचं ते स्वतःच्या हातांनी करून पाहायची आणि नेमकं विचारायची सवय. ती असेल तर भाषा आणि टूल सहा-आठ महिन्यांत कामापुरतं जमतं. ती नसेल तर उत्तम इंग्रजी येणारा माणूससुद्धा चुकीचं पुस्तक सफाईदारपणे लिहितो. हे का म्हणायचं, ते एका उदाहरणावरून बघू.

शेतीपंपाच्या स्टार्टरबरोबर माहितीपत्रक येतं. समजा त्यात असा मजकूर आहे: ‘स्टार्टरची जोडणी करताना ओव्हरलोड रिले मोटरच्या क्षमतेनुसार योग्य त्या प्रमाणात सेट करण्यात यावा. अयोग्य सेटिंगमुळे मोटर जळण्याची शक्यता असते. झाकण उघडण्यापूर्वी मुख्य पुरवठा बंद असल्याची खात्री करून घेण्यात यावी.’

व्याकरणाची चूक नाही. तिन्ही विधानं खरी आहेत. पण हा कागद वाचणारा वायरमन विहिरीवरच्या खोलीत, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभा आहे, आणि तो वरून खाली वाचतो. तिसऱ्या वाक्यापर्यंत पोचेतो त्याने झाकण उघडलेलं असतं. ‘योग्य त्या प्रमाणात’ म्हणजे किती, हे तर त्याला विचारायचं होतं! ‘क्षमता’ म्हणजे काय धरायचं? शेतकरी मोटर एचपीत ओळखतो, रिलेच्या डायलवर आकडे अँपिअरचे असतात.

आता लेखक काय करतो ते पाहा. तो कारखान्यातल्या टेस्ट बेंचवर जातो, स्टार्टर समोर ठेवून झाकण उघडतो, आणि विचारतो की डायलवर ठेवायचा आकडा मला कुठे सापडेल. उत्तर मिळतं: मोटरच्या नेमप्लेटवर अँपिअर लिहिलेले असतात, तोच. सगळ्या स्टार्टरना तोच? नाही. डीओएल, म्हणजे मोटर थेट पुरवठ्यावर सुरू करणाऱ्या, स्टार्टरला तो जसाच्या तसा ठेवायचा; स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले कुठे जोडला आहे त्यावर आकडा बदलतो. म्हणजे हे पत्रक कुठल्या स्टार्टरचं आहे, हे पहिल्या ओळीत यायला हवं. मग तो आणखी एक चक्कर मारतो, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात. तिथे कळतं की गावात व्होल्टेज कमी आलं की मोटर जास्त करंट ओढते, रिले ट्रिप होतो, आणि पाणी तर द्यायचं असतं म्हणून माणूस डायल पुढे सरकवतो. रिले गप्प बसतो आणि मोटर जळते. ही माहिती डिझाइनच्या ड्रॉइंगमध्ये नसते. पत्रकातली सगळ्यात उपयोगी ओळ मात्र तीच ठरणार असते.

त्यानंतरचा मजकूर असा होतो:

ही माहिती फक्त डीओएल स्टार्टरसाठी आहे. हे काम परवानाधारक वायरमननेच करावं.

धोका: स्टार्टरच्या आत ४१५ व्होल्टचा पुरवठा असतो. मेन स्विच बंद न करता झाकण उघडल्यास शॉक लागून मृत्यू होईल.

१. मेन स्विच बंद करा. काम संपेपर्यंत दुसरं कुणी तो चालू करणार नाही, अशी व्यवस्था करा.
२. स्टार्टरचं झाकण उघडा.
३. आत येणाऱ्या तिन्ही फेजमध्ये वीज नाही, हे टेस्टरने तपासा.
४. मोटरच्या नेमप्लेटवरचा अँपिअरचा आकडा वाचा.
५. रिलेची डायल त्याच आकड्यावर ठेवा.
६. झाकण बंद करा. मग मेन स्विच चालू करा.

रिले वारंवार ट्रिप होत असेल तर डायलचा आकडा वाढवू नका. तिन्ही फेजचं व्होल्टेज तपासा.

यात भाषेची करामत काहीच नाही. जी सुधारणा झाली ती क्रमात, नेमकेपणात आणि रिवाइंडिंगच्या दुकानातून आलेल्या शेवटच्या दोन वाक्यांत. ‘धोका’ हा शब्दही सहज म्हणून घातलेला नाही. अमेरिकेच्या एएनएसआय झेड५३५ या मानकांत सूचनांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच असेल तिथे सगळ्यात वरची पायरी, होऊ शकत असेल तिथे दुसरी, किरकोळ किंवा मध्यम इजेसाठी तिसरी, आणि फक्त वस्तूचं नुकसान होणार असेल तर वेगळीच चौथी. सगळीकडे एकच ‘सावधान’ छापलं की वाचणारा चौथ्या पानापासून ते वाचणं सोडून देतो. यंत्रांच्या क्षेत्रात जायचं असेल तर या पायऱ्या पाठच करा.

युरोपात निर्यात करणाऱ्या कारखान्यांना तर वापराच्या सूचना देणं कायद्यानेच भाग असतं. युरोपीय संघाच्या २००६/४२/ईसी या यंत्रविषयक निर्देशानुसार यंत्राबरोबर वापराच्या सूचना, त्याही ज्या देशात यंत्र विकायचं तिथल्या अधिकृत भाषेत, द्याव्या लागतात. त्याची जागा घेणारं २०२३/१२३० हे नवं विनियमन जानेवारी २०२७ पासून लागू व्हायचं आहे आणि त्यात डिजिटल सूचनांबद्दलही नियम आहेत. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा असलेल्या, शॉप फ्लोअर पाहिलेल्या माणसाला इथे चांगली संधी आहे. सॉफ्टवेअरच्या झगमगाटात तिकडे कमी लोकांचं लक्ष जातं, हे मला खटकतं.

विचारायचं कसं

विषयाची खरी माहिती असलेल्या माणसाला कंपन्यांत एसएमई (सब्जेक्ट मॅटर एक्स्पर्ट) म्हणतात. तो डेव्हलपर असेल, टेस्टर असेल, सर्व्हिस इंजिनिअर असेल. त्याला वेळ नसतो. ‘जरा या फीचरबद्दल सांगा ना’ म्हणून गेलात तर तो एक जुनं प्रेझेंटेशन पाठवून देईल आणि तुम्ही जिथे होतात तिथेच राहाल. आधी जिरा या कामांची नोंद ठेवणाऱ्या टूलमधलं तिकीट वाचा. टेस्ट सर्व्हरवर फीचर चालवा. अडलात तिथले स्क्रीनशॉट घ्या. मग जा.

काही प्रश्न कायम जवळ ठेवण्यासारखे आहेत. हे काम प्रत्यक्षात कोण करणार, आणि त्याच्याकडे कुठले अधिकार असतील? सुरू करण्यापूर्वी काय तयार असावं लागतं? डिफॉल्ट म्हणून हाच आकडा का ठेवला? मध्येच नेट गेलं किंवा वीज गेली तर काय होतं? झालेलं परत फिरवता येतं का? काम नीट झालं हे वापरणाऱ्याला कशावरून कळेल? यातल्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं मसुद्यात बहुतेक वेळा नसतात, आणि सपोर्टला येणाऱ्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

प्रश्न ईमेलने पाठवायचा असेल तर कोरा पाठवू नका. ‘मला समजलं ते असं, बरोबर आहे का?’ असं म्हणून चार ओळींचा कच्चा मजकूर द्या. चुकीचं काही वाचलं की जाणकार माणूस लगेच दुरुस्त करतो. कोऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र उद्यावर ढकलतो. रिव्ह्यूचंही तसंच आहे. चाळीस पानांची फाइल ‘कृपया तपासावी’ म्हणून पाठवली की उत्तर येतं ‘ठीक आहे’. त्याऐवजी दोन पानं द्या, त्यातली शंका असलेली तीन वाक्यं रंगवा, आणि रिलीजची तारीख लक्षात घेऊन उत्तर कधीपर्यंत हवं ते लिहा.

टेस्टरांशी मैत्री करा. उत्पादन कुठे मोडतं हे त्यांना सगळ्यात आधी कळतं. सपोर्टच्या लोकांकडून गेल्या काही महिन्यांची तिकिटं मागून घ्या आणि कुठला प्रश्न पुन्हा पुन्हा येतो ते मोजा. नवं पान लिहिण्यापेक्षा त्या प्रश्नाचं जुनं पान दुरुस्त केल्याने वाचकाचं जास्त भलं होतं, आणि वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी दाखवायला तुमच्या हातात आकडाही येतो.

इंग्रजीची भीती

हे काम आज बहुतांशी इंग्रजीत चालतं. मराठी माध्यमातून शिकलेले अनेक हुशार विद्यार्थी तेवढ्यावरूनच मागे फिरतात. त्यांनी विमानांच्या देखभाल-पुस्तिकांसाठीची नियंत्रित इंग्रजी जरूर पाहावी. ती १९८० च्या दशकात युरोपात तयार झाली आणि आज एएसडी-एसटीई१०० या नावाने ओळखली जाते. कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, माहिती सांगणारं २५ शब्दांचं. एका वाक्यात शक्यतो एकच सूचना. सर्वसाधारण शब्दांचा कोश सुमारे ९०० शब्दांचा, त्याखेरीज त्या त्या क्षेत्रातल्या संज्ञा. हे मानक मागणी केल्यावर मोफत मिळतं. ज्या पुस्तिकेवर विमानाची सुरक्षितता अवलंबून असते ती इतक्या साध्या भाषेत लिहितात, तर आपण अलंकारिक इंग्रजीच्या मागे लागण्याचं कारण नाही.

अडचण बहुतेकदा दुसरीकडे असते. शाळेत आपल्याला तोच शब्द पुन्हा वापरू नका, असं शिकवलेलं असतं. इथे उलट करायचं. पहिल्या पानावर ‘डॅशबोर्ड’ म्हटलंत तर शेवटच्या पानापर्यंत तो डॅशबोर्डच राहू द्या. मध्येच ‘मुख्य स्क्रीन’ झाला की वाचणारा दुसरी गोष्ट शोधू लागतो. कर्मणी प्रयोग कमी करा. कुणी काय करायचं ते सरळ सांगा. मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या दोघांचेही स्टाइल गाइड मोफत वाचायला मिळतात, आणि गूगलचे तांत्रिक लेखनाचे दोन प्राथमिक अभ्यासक्रमही मोफत आहेत. महागड्या वर्गाला पैसे भरण्याआधी हे संपवा.

मजकुराची रचना शिकण्यासाठी डॅनिएले प्रोचिदा यांनी मांडलेली डायटॅक्सिस ही पद्धत मला सगळ्यात उपयोगी वाटते. वाचक चार वेगळ्या गरजा घेऊन येतो, असं ती मानते: हात धरून शिकवणारा धडा, विशिष्ट काम उरकण्याची कृती, आकडे आणि पर्याय पाहण्यासाठी संदर्भ, आणि ‘असं का’ हे समजावणारं स्पष्टीकरण. नवशिक्या लेखक हे चारही एकाच पानात कालवतो. पासवर्ड बदलायला आलेल्या माणसाला सुरक्षेचा इतिहास वाचावा लागतो. पान कुठल्या गरजेचं आहे, हे आधी ठरवलं की निम्मी काटछाट आपोआप होते.

टूल कुठलं

नोकरीच्या जाहिरातींत नावांची रांग असते: मॅडकॅप फ्लेअर, फ्रेममेकर, रोबोहेल्प, ऑक्सिजन एक्सएमएल, कॉन्फ्लुअन्स. सगळी शिकायची गरज नाही. माझा सल्ला असा की मार्कडाउन आणि गिटपासून सुरुवात करा. मार्कडाउन जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणलं, आणि ते एका दुपारी शिकून होतं. गिट लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी तयार केलं. त्याला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. क्लोन, ब्रँच, कमिट, पुश, पुल रिक्वेस्ट एवढं यायला हवं, आणि मर्ज कॉन्फ्लिक्ट आला की घाबरून फोल्डर उडवून टाकायचं नाही, तो सोडवायला शिकायचं. दोन्ही फुकट आहेत. डेव्हलपर ज्या पद्धतीने कोड लिहितात त्याच पद्धतीने तुमचा मजकूरही तपासला जातो, त्यामुळे टीममध्ये तुमचं स्थान बदलतं. पुढे स्फिंक्स, एमकेडॉक्स, डॉक्युसॉरस यांपैकी एक वापरून छोटी साइट उभी करून पाहा. ‘वेल’ नावाचं मोफत टूल मजकूर स्टाइल गाइडप्रमाणे आहे का, ते आपोआप तपासतं.

मोठी यंत्रं, टेलिकॉम, वैद्यकीय उपकरणं अशा ठिकाणी डिटा लागतं. ही एक्सएमएलवर आधारलेली रचना आयबीएममध्ये जन्मली आणि २००५ मध्ये ओअॅसिस या संस्थेने तिला मानक म्हणून मान्यता दिली. एकच सुरक्षासूचना तीस मॉडेलांच्या पुस्तिकांत जाणार असेल आणि तिची बारा भाषांत भाषांतरं होणार असतील, तर ती एकदाच लिहून सगळीकडे वापरणं हे डिटाचं बळ. विमान आणि संरक्षण क्षेत्रात याच प्रकारचं एस१०००डी आहे.

सॉफ्टवेअरमध्ये पुढे जायचं तर एपीआयचं, म्हणजे प्रोग्राम एकमेकांशी ज्यातून बोलतात त्या जोडणीचं, लेखन शिका. जेसन वाचता यायला हवं, पोस्टमन किंवा कर्लने विनंती पाठवता यायला हवी, ओपनएपीआयची फाइल उघडून समजायला हवी. इथेही करून पाहणं हाच मार्ग आहे. मुद्दाम चुकीची एपीआय-की पाठवा: ४०१ हा एरर कोड येईल. ओळख पटलेल्या पण अधिकार नसलेल्या खात्याने विनंती करा: ४०३ येईल. भराभर विनंत्या पाठवत राहा: मर्यादा घातलेली असेल तर ४२९ येईल. प्रत्येक वेळी वापरणाऱ्याने पुढे काय करायचं हे लिहा. यशस्वी विनंतीचं उदाहरण सगळेच देतात. वाचक तुमच्या पानावर येतो तो बहुतेक वेळा काहीतरी फसल्यावर.

आता एआय. मजकूर छाटणं, शीर्षकं सुचवणं, कोडवरून पहिला कच्चा मसुदा बनवणं, हे भाषेची मॉडेलं झपाट्याने करतात, आणि नुसतं इंग्रजी सुधारून देणं एवढंच ज्यांचं काम होतं त्यांच्यावर त्याचा दाब येणार, हे उमेदवारांपासून लपवणं चुकीचं ठरेल. पण मॉडेल टेस्ट बेंचवर जात नाही. अस्तित्वात नसलेला पर्याय किंवा कमांड ते तितक्याच ठामपणे लिहितं. म्हणून त्याने दिलेली प्रत्येक कमांड चालवा, प्रत्येक आकडा मूळ ठिकाणी पडताळा. बाजारात न आलेल्या उत्पादनाची माहिती कंपनीने परवानगी न दिलेल्या सेवेत टाकू नका. त्यावरून नोकरी जाऊ शकते. आणखी एक बदल होतो आहे: वाचक आता तुमचं पान थेट न उघडता एखाद्या चॅटबॉटला विचारतो, आणि तो तुमच्या पानांतून उत्तर काढतो. जुन्या आवृत्तीची पानं काढून टाकणं किंवा त्यांवर ठळक शिक्का मारणं त्यामुळे पूर्वीपेक्षा महत्त्वाचं झालं आहे.

नोकरीपर्यंत

अनुभव नसताना दाखवायला काय? तीन नमुने पुरतात: एक कृती, एक एपीआय किंवा संदर्भाचं पान, आणि एक जुना मजकूर त्याच्या सुधारित रूपासह, कुठला बदल का केला याच्या टिपणासकट. हा तिसरा नमुना मुलाखत घेणारे सगळ्यात काळजीपूर्वक पाहतात. पूर्वीच्या कंपनीची अंतर्गत कागदपत्रं नमुना म्हणून चुकूनही देऊ नका, नावं खोडूनसुद्धा नाही. त्याऐवजी मुक्तस्रोत प्रकल्पांत काम करा. वेब डेव्हलपरांचा रोजचा संदर्भ असलेल्या एमडीएनचा मजकूर गिटहबवर आहे. कुबरनेटीसच्या दस्तऐवजांत नव्यांसाठी सोपी कामं वेगळी खूण करून ठेवलेली असतात. आधी एखादी चुकलेली कमांड दुरुस्त करा, मग पान हाती घ्या. पुल रिक्वेस्टवर झालेली चर्चा सगळ्यांना दिसते, आणि टीका तुम्ही कशी घेता हेही त्यात दिसतं.

प्रमाणपत्रांवर फार विसंबू नका. ज्या अमेरिकी संस्थेचं प्रमाणपत्र या पेशात सगळ्यात नावाजलेलं होतं, ती १९५३ पर्यंत मुळं जाणारी सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन जानेवारी २०२५ मध्ये आर्थिक अडचणींमुळे बंद झाली. माणसांचा संपर्क मात्र हवाच. २०१३ पासून चाललेला ‘राइट द डॉक्स’ हा समुदाय त्यासाठी चांगला आहे. भारतातही त्याच्या बैठका होतात.

टेस्टिंग, सपोर्ट किंवा सर्व्हिसमध्ये असाल तर राजीनामा देऊन बाहेर शोधण्याआधी आतूनच वाट काढा. तुमच्या टीमचं एखादं मोडकं पान नीट करून लेखन विभागाच्या प्रमुखांना दाखवा. उत्पादन माहीत असलेला माणूस त्यांना हवाच असतो.

मुलाखतीत बहुधा लेखनाची परीक्षा असते: एखादी ओळखीची कृती लिहा, किंवा दिलेला परिच्छेद सुधारा. लिहायला सुरुवात करण्यापूर्वी वाचक कोण आहे, हे परीक्षकाला विचारा. विचारलेलं त्यांना आवडतं. तुमची पाळी आली की तुम्हीही काही गोष्टी विचारून घ्या. रिलीजच्या किती आधी लेखकाला चालू बिल्ड मिळतं? टेस्ट सर्व्हरचं लॉगिन मिळेल का? तांत्रिक अचूकतेची जबाबदारी कुणाची, आणि रिव्ह्यूसाठी वेळ नियोजनात धरलेला असतो का? ‘डेव्हलपर मजकूर देतात, तुम्ही फक्त इंग्रजी नीट करा’ असं उत्तर आलं तर पगाराचा आकडा चांगला असला तरी दोनदा विचार करा. पहिलीच नोकरी असेल आणि दुसरा पर्याय नसेल तर जरूर घ्या, पण रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात त्या लॉगिनसाठी अर्ज करा.